मालदीवला डायव्हिंगला निघताय? आधी शेवटचा दिवस ठरवा

मुंबईहून विमानाने जेमतेम तीन तास, व्हिसाची आगाऊ खटपट नाही, पाणी बारा महिने कोमट. पहिल्या परदेशी डायव्हिंगसाठी मालदीवबद्दलची पत्रे या वेळी सर्वांत जास्त आली, ती यामुळेच. त्यांतल्या बऱ्याच पत्रांत तिकीट आधी काढलेले आहे आणि प्रश्न नंतर पडलेले आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको (वय ३४ आणि ३१) मालवणला दोनदा स्कूबा करून आलो. प्रमाणपत्रही मिळाले आहे. फेब्रुवारीत पाच दिवस मालदीवला जातोय. शार्क बघायचे आहेत. परतीचे विमान सोमवारी दुपारी एकचे आहे. एवढे दिवस पुरतील का? (पुणे)

उत्तर : आधी प्रमाणपत्राचे बघू. मालवणला पर्यटकांना जे स्कूबा घडवतात, त्यात प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो. हवा किती उरली, किती खोल आलो, वर कधी जायचे, हे सगळे तोच पाहतो. त्याबद्दल मिळणारा कागद ही आठवण आहे, परवाना नव्हे. मालदीवच्या डायव्ह सेंटरवर तुमच्याकडे ‘ओपन वॉटर’चे कार्ड मागतील. ते नसेल तर तिथेही तुम्हाला प्रशिक्षकाचा हात धरून, फार तर १२ मीटरपर्यंत नेतील. शार्क दिसतात त्या जागा बहुधा याहून खोल आणि प्रवाहाच्या असतात.

ओपन वॉटर अभ्यासक्रमाचे तीन भाग आहेत : पुस्तकी अभ्यास, तलावातले सराव आणि समुद्रातले चार डायव्ह. पूर्ण झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येते. सगळा अभ्यासक्रम मालदीवला करायचा तर तीन ते चार दिवस त्यातच जातील. त्यापेक्षा पहिले दोन भाग पुण्या-मुंबईतल्या डायव्हिंग शाळेत पूर्ण करा आणि तिच्याकडून ‘रेफरल’चा कागद घ्या. मग समुद्रातले चारच डायव्ह मालदीवला उरतात आणि ते दोन दिवसांत होतात. कागद साधारण बारा महिने चालतो, पण तिथले सेंटर त्या शाळेचा रेफरल स्वीकारते का, हे आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या. सवड असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे पूर्ण अभ्यासक्रम इथेच करणे. तारकर्लीची स्कूबा प्रशिक्षण संस्था, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, अंदमान ही ठिकाणे आहेतच. तसे केले तर मालदीवचे सगळे डायव्ह निव्वळ बघण्याचे होतील.

पोहण्याची चाचणी लक्षात ठेवा : न थांबता २०० मीटर पोहणे (किंवा मास्क, स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी, आणि फिन्स म्हणजे पायांतली वल्ही लावून ३०० मीटर) आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे. वेळेची मर्यादा नसते, पण मध्ये काठ धरता येत नाही. २५ मीटरच्या तलावात आठ फेऱ्या होतात. दोन महिने आधीपासून सराव करा.

आता दिवस. डायव्हिंगची सहल मागून पुढे आखतात. सिलिंडरमधल्या हवेतला नायट्रोजन दाबाखाली शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तासन् तास हळूहळू बाहेर पडत राहतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. नायट्रोजन पुरेसा निघून जाण्याआधी विमानात बसलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकच साधा डायव्ह झाला असेल तर किमान १२ तास, आणि अनेक डायव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झाले असेल तर किमान १८ तास थांबायचे, असा नियम आहे. आमचा आग्रह २४ तासांचा. बोटीला उशीर झाला तरी मग हिशेब चुकत नाही.

तुमचे विमान सोमवारी दुपारी एकचे, म्हणजे रविवारी दुपारी एकच्या आत तुम्ही पाण्याबाहेर हवे. गुरुवारी पोहोचलात तर त्या दिवशी बोटीचा प्रवास, कागदपत्रे आणि झोप, एवढेच धरा. शुक्रवारी आणि शनिवारी अभ्यासक्रमाचे दोन-दोन डायव्ह. रविवारी सकाळी दोन मोकळे डायव्ह. दिवस पुरतात, पण एकही दिवस वाऱ्यापावसाने गेला तर पुरणार नाहीत. तिकीट बदलता येत असेल तर एक रात्र वाढवा.

यात एक खाच आहे. दूरच्या बेटावरून मालेला देशांतर्गत विमानाने किंवा सीप्लेनने यायचे असेल तर तास त्या छोट्या विमानापासून मोजायचे, मुंबईच्या विमानापासून नाही. याच चुकीपायी लोकांना शेवटचा डायव्ह सोडावा लागतो.

प्रश्न : माझे वय ५२. रक्तदाबाची गोळी रोज घेतो, दाब आटोक्यात आहे. ओपन वॉटर २०१६ साली केले. सेंटरच्या अर्जात हे लिहावे का? मित्र म्हणतात, सगळीकडे ‘नाही’वर खूण करून मोकळा हो. (नाशिक)

उत्तर : मित्रांचे ऐकू नका. डायव्हिंगच्या आरोग्य-प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. सगळ्यांना ‘नाही’ असेल तर सही करून पाण्यात उतरता येते. काही प्रश्नांना ‘हो’ म्हटले की दुसऱ्या पानावरचे सविस्तर प्रश्न, आणि तिथे ‘हो’ आले की डॉक्टरांची सही. तुमच्या बाबतीत दोन जागी ‘हो’ येते : वय ४५ च्या वर आणि त्याबरोबर उच्च रक्तदाब, तसेच डॉक्टरांनी लिहून दिलेले नियमित औषध. म्हणजे तुम्हाला डॉक्टरांची सही लागणारच.

सेंटरवर पोहोचून तुम्ही प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिलेत आणि सही जवळ नसली तर ते तुम्हाला पाण्यात उतरू देणार नाहीत. छोट्या बेटावर डॉक्टर शोधण्यात एक-दोन दिवस जातात, कधी मिळतही नाही. आणि ‘नाही’ लिहून उतरलात व काही झाले, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. पाण्याखाली मदतीला येणाऱ्या गाइडलाही तुमच्या औषधाबद्दल काहीच ठाऊक नसते.

तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी हे करा. प्रश्नावली तिच्या शेवटच्या, डॉक्टरांसाठीच्या पानासह छापून घ्या. डॉक्टरांकडे मोघम ‘फिट’चे सर्टिफिकेट मागू नका, त्याच पानावर सही-शिक्का घ्या. त्यांना दोन गोष्टी मुद्दाम विचारा. एक, तुमची गोळी बीटा-ब्लॉकर गटातली आहे का? त्या गटातल्या औषधाने हृदयाची गती वाढायला मर्यादा येते, आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले तर दम लवकर जातो. दोन, या वयात ट्रेडमिलवरची तणाव चाचणी करून घ्यावी का? डायव्हिंग बघायला शांत दिसते, पण प्रवाह लागला, बोटीची शिडी सिलिंडरसकट चढायची वेळ आली, की हृदयावर एकदम ताण येतो. काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. सिलिंडरमधली हवा मुळातच कोरडी असते, त्यामुळे असा खोकला पाण्याखाली वाढतो. तसे असेल तर तेही सांगा.

दमा, मधुमेह, फिट येणे, हृदयाची शस्त्रक्रिया किंवा स्टेंट असलेल्यांनी आधी डॉक्टर गाठावा, तिकीट नंतर. फुप्फुस आपोआप कोलमडल्याचा पूर्वेतिहास असेल तर डायव्हिंगचा विचार सोडून द्यावा.

शिवाय २०१६ नंतर तुम्ही फारसे उतरला नसाल तर इथेच एक उजळणीचे सत्र करून जा : मास्कमधले पाणी काढणे, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारे यंत्र) सोडून परत तोंडात घेणे, जोडीदाराची हवा घेणे, तरंगणे. कार्डाची मुदत संपत नाही, हातांची सवय मात्र संपते.

प्रश्न : मांटा (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा) आणि व्हेल शार्क दोन्ही बघायचे तर कुठला महिना, कुठले बेट? (ठाणे)

उत्तर : मालदीवला दोन मोसमी वारे आहेत. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे आणि मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचे, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्याचे. ईशान्येच्या मोसमात प्रवाह पूर्वेकडून आत येतो. त्यामुळे प्रवाळवलयांच्या पूर्वेच्या खिंडीत खुल्या समुद्राचे स्वच्छ पाणी आणि शार्क, तर प्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी) भरलेले पाणी पश्चिमेकडून बाहेर पडते आणि मांटा तिकडे जमतात. नैर्ऋत्येच्या मोसमात हे सगळे उलटे होते. त्यामुळे कुठल्या बेटावर मांटा दिसतात, हा प्रश्न महिना सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

पाणी सर्वांत स्वच्छ जानेवारी ते एप्रिल. मांटांचे मोठे थवे बघायचे तर ‘बा’ नावाच्या प्रवाळवलयातला हनिफारू उपसागर, साधारण जून ते नोव्हेंबर. पण तिथे सिलिंडर लावून उतरायला मनाई आहे, फक्त स्नॉर्कल. प्रवेशशुल्क, गाइड आणि ठरलेला वेळ, असा सगळा काटेकोर कारभार आहे, आणि तो योग्यच आहे. व्हेल शार्क दक्षिण आरी भागात वर्षभर दिसतात. तिथल्या धिगुराह या वस्तीच्या बेटावर राहून जाता येते. माशाच्या अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर ठेवायचे असते.

दोन्ही एकाच आठवड्यात हवे असतील तर बेटावर राहण्यापेक्षा बोटीवर राहून फिरणारी सफर, म्हणजे लिव्हअबोर्ड, सोयीची. पण तिला बहुधा ‘अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर’ आणि लॉगबुकात ३० ते ५० डायव्ह मागतात. टायगर शार्कसाठी प्रसिद्ध असलेले फुवाहमुलाह दक्षिणेच्या टोकाकडे आहे. तिथे विमानानेच जातात, आणि नवख्यांनी पहिल्याच सहलीत ते धरू नये.

प्रश्न : सेंटरने एका डायव्हचे ६० डॉलर सांगितले, मैत्रिणीचे बिल भलतेच मोठे आले. खरा खर्च कसा काढायचा? (कोल्हापूर)

उत्तर : दरापुढे दोन अधिकचिन्हे (++) आहेत का बघा. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे. सेवाशुल्क बहुधा १० टक्के. पर्यटनावरचा वस्तू-सेवा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आणि तो सेवाशुल्कासह होणाऱ्या रकमेवर लागतो. ६० चे ६६, आणि ६६ वर १७ टक्के म्हणजे ७७ डॉलर २२ सेंट. सहा डायव्हांचे ३६० धरून गेलात तर बिल ४६३ चे होईल.

यावर आणखी काय लागते ते एकेक करून विचारा : उपकरणांचे भाडे (सगळा संच की मास्क-फिन्स वेगळे), बोटीचे पैसे, नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा), डायव्ह संगणकाचे (खोली-वेळ मोजणाऱ्या मनगटी यंत्राचे) भाडे, दूरच्या जागेचे जादा शुल्क. राहण्यावर हरितकर माणशी दर रात्री लागतो. वस्तीच्या बेटावर ५० खोल्यांपर्यंतच्या अतिथिगृहात ६ डॉलर, रिसॉर्टवर किंवा लिव्हअबोर्डवर १२. दोघे चार रात्री अतिथिगृहात राहिलात तर ४८ डॉलर.

रोख डॉलर नव्या, न दुमडलेल्या नोटांत न्या. फाटकी किंवा लिहिलेली नोट घेत नाहीत. बेटावरच्या एटीएममधून रुफिया हे तिथले चलनच मिळते. बक्षिशीसाठी ५ आणि १० च्या नोटा वेगळ्या ठेवा. बोटीने जाणार असाल तर शुक्रवार टाळा, कारण त्या दिवशी सरकारी फेऱ्या बहुतेक बंद असतात आणि स्पीडबोटीचे भाडे अंगावर पडते.

प्रश्न : सामान स्वतःचे घ्यावे की भाड्याचे? चष्मा आहे (उणे ४) आणि मिशाही आहेत. मास्कमध्ये सारखे पाणी शिरते. (सोलापूर)

उत्तर : पहिल्या सहलीला तीन वस्तू स्वतःच्या घ्या : मास्क, डायव्ह संगणक आणि आपण कुठे आहोत हे बोटीला दिसावे म्हणून पृष्ठभागावर उभा करायचा नारिंगी फुगा, त्याच्या रिळासह. बाकीचे भाड्याने चालेल. वजनाचाच हिशेब करा. बीसीडी (हवा भरून तरंगायचे जाकीट) ३ ते ४ किलो, फिन्स २ ते ३ किलो, रेग्युलेटर सव्वा-दीड किलो, ३ मिलिमीटरचा वेटसूट दीड-दोन किलो. म्हणजे सात-आठ किलोंपासून दहापर्यंत सामान उपकरणांचेच होते. सीप्लेनला साधारण २० किलो सामान आणि ५ किलो हातातले, एवढीच सोय असते. वर प्रत्येक किलोला पैसे.

मास्क दुकानातच पारखा. पट्टा पुढे टाकून मास्क नुसता चेहऱ्याला लावा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क दहा सेकंद आपोआप चिकटून राहिला तर बसला. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कडा दुमडून ती वाढते. मिशांच्या बाबतीत गळतीची जागा नाकाच्या अगदी खाली असते. पूर्ण काढायची गरज नाही. नाकपुड्यांखालची ३-४ मिलिमीटरची पट्टी बारीक भादरली की सिलिकॉनला टेकायला त्वचा मिळते. उरलेल्या केसांवर थोडे सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको. त्यानंतर जे थेंबभर पाणी येईल ते नाकाने फुंकून काढायचे कौशल्य तुम्ही शिकलेलेच आहात.

उणे ४ साठी काही मास्कना तयार नंबरी काचा मिळतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबराने येतात. पाण्याखाली वस्तू पाऊणपट अंतरावर आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे नंबर थोडा कमी असला तरी भागते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, जादा जोडी मात्र न्या. चाळिशी लागलेल्यांना दुसरीच अडचण येते : मासा स्पष्ट दिसतो, मनगटावरच्या संगणकाचे आकडे दिसत नाहीत. मास्कच्या काचेला आतून खाली चिकटवायच्या छोट्या भिंगाच्या चकत्या मिळतात, त्या घ्या. हवा किती उरली हे अंदाजाने वाचायची वेळ येऊ नये.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर असतो. तो काढला नाही तर कितीही थुंकी लावा, काच धुरकट होणारच. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून दोन मिनिटे चोळा, धुवा, असे तीन-चार वेळा करा.

टॉर्चच्या आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० मधल्या दोनच, त्याही विमान कंपनीला विचारून. सुरी असेल तर ती मोठ्या बॅगेत. तिथला प्लग ब्रिटिश धाटणीचा, तीन चौकोनी पिनांचा असतो.

प्रश्न : माझी हवा २५ मिनिटांत संपते, बाकीच्यांची ४० मिनिटे चालते. माझ्यामुळे सगळ्या गटाला वर यावे लागते. मालदीवला हेच होईल का? (सांगली)

उत्तर : मोजल्याशिवाय उपाय सुचत नाही, म्हणून आधी आकडा काढा. नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा असतो. तुम्ही २०० बारवरून ५० वर आलात तर वापरले १५० बार, म्हणजे १५० × ११.१ = १६६५ लिटर. भागिले २५ मिनिटे = मिनिटाला सुमारे ६७ लिटर. सरासरी खोली १५ मीटर धरली तर तिथला दाब अडीच बार. ६७ भागिले अडीच म्हणजे पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला साधारण २७ लिटर. निवांत डायव्हर १४ ते १६ लिटर वापरतो. म्हणजे तुम्ही जवळजवळ दुप्पट हवा घेत आहात, आणि ३० मीटरवर, जिथे दाब ४ बार असतो, हा फरक आणखी महाग पडेल.

दोष बहुधा फुप्फुसांचा नसतो, पट्ट्यावरच्या शिशाचा, म्हणजे खाली जाता यावे म्हणून बांधलेल्या वजनाचा असतो. शिसे जास्त झाले की माणूस बुडू लागतो, मग बीसीडीत हवा भरतो, ती हवा छातीशी जमते, पाय खाली जातात आणि शरीर तिरपे उभे राहते. तिरपे शरीर पाण्यातून ढकलायला मेहनत पडते, आणि मेहनतीला हवा लागते. पहिल्याच दिवशी शिसे तपासा. पूर्ण साज चढवून, रेग्युलेटर तोंडात धरून, बीसीडी रिकामी करा आणि नेहमीइतका श्वास रोखून स्थिर राहा. पाण्याची पातळी डोळ्यांशी यावी आणि श्वास सोडल्यावर हळू बुडायला लागावे. हे भरल्या सिलिंडरने केले तर वर साधारण २ किलो ठेवा, कारण सिलिंडरमधली हवा वापरली गेली की तेवढे वजन कमी होते आणि अॅल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी तरंगायला लागतो. खरी परीक्षा शेवटी आहे : ५० बार उरले असताना, रिकाम्या बीसीडीने, ५ मीटरवर तीन मिनिटे स्थिर थांबता आले पाहिजे.

तलावातला आकडा समुद्रात चालत नाही, खाऱ्या पाण्यात दोन-अडीच किलो जास्त लागतात. ३ मिलिमीटरचा सूट आणि ७० किलोचा माणूस असेल तर ४ ते ६ किलोंपासून तपासणी सुरू करा. अचूक आकडा सापडला की लॉगबुकात सूट, सिलिंडर आणि शिसे एकत्र लिहून ठेवा. गाइड कितीही घाईत असला तरी ‘आठ किलो घ्या, सगळे घेतात’ हे मान्य करू नका.

दुसरे कारण हातांचे. हात वल्ह्यासारखे चालवले की हवा उडते. हात पोटाशी बांधून ठेवा, पाय मांडीपासून संथ मारा. श्वास उथळ घेऊ नका. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. हवा वाचवायला श्वास मात्र कधीही रोखू नका. वर येताना रोखलेला श्वास फुप्फुस फाडू शकतो.

या सगळ्याला दहा-पंधरा डायव्ह लागतील. तोपर्यंत सेंटरला आधी लिहून १५ लिटरचा सिलिंडर मागा. तुमच्या सध्याच्या वापराने तो साधारण ३४ मिनिटे जाईल. ते मोजकेच असतात आणि काही ठिकाणी जादा पैसे घेतात, म्हणून बेटावर उतरल्यावर विचारू नका. शिवाय सिलिंडर बदलला की शिसे पुन्हा तपासावे लागते.

प्रश्न : दुबईत राहतो, ६० डायव्ह झाले आहेत. मालदीवच्या प्रवाहाबद्दल बरेच ऐकतो. काय तयारी करावी? नायट्रॉक्स घ्यावे का? (दुबई)

उत्तर : मालदीवच्या भाषेतले दोन शब्द आधी शिका. ‘कंडू’ म्हणजे प्रवाळवलयातली खिंड आणि ‘थिला’ म्हणजे पाण्याखालचा टेकाड, ज्याचा माथा काही मीटर खाली असतो. प्रवाह दोन्हीकडे असतो. कंडूत पाणी आत येत असेल तर बाहेरच्या कडेला उतरून, खिंडीच्या ओठाशी थांबून शार्क बघतात. त्यासाठी बीसीडी रिकामी करून एकदम खाली जावे लागते. वर रेंगाळलात तर प्रवाह तुम्हाला ओठावरून आत वाहून नेतो आणि जागा हुकते. कान वेळेत मोकळे होणे इथे निर्णायक. बोटीवर असतानाच एकदा कान फुगवा, मग पहिल्या ५ मीटरमध्ये जवळजवळ प्रत्येक मीटरला. सर्दी असेल तर तो डायव्ह सोडा. सर्दी दाबणाऱ्या गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना कान-सायनस अडकतात.

अमावास्या-पौर्णिमेला प्रवाह जोराचे असतात, हे कोकणातल्या उधाणासारखेच. तारखा निवडताना पंचांग बघा. कडेला थांबायला आकडा (दोरी लावलेला हूक) वापरायचा असेल तर तो मेलेल्या खडकातच अडकवा. आणि गटापासून सुटलात तर एक मिनिट शोधा, मग वर या आणि फुगा सोडा. तो फुगा ५ मीटरवरून सोडायचा सराव तलावात करून जा. रिळ बीसीडीला बांधलेले असताना फुगा सोडला तर तो तुम्हालाही वर ओढतो. रिळ नेहमी हातात.

नायट्रॉक्स घ्याच, त्याचा छोटा अभ्यासक्रम दुबईतच करून जा. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाची मर्यादा साधारण ३३ मीटर येते. मालदीवला मनोरंजनाच्या डायव्हिंगला कायद्यानेच ३० मीटरची मर्यादा आहे आणि थांबे घेत वर यावे लागेल असे डायव्ह चालत नाहीत, त्यामुळे ते तिथे चपखल बसते. दिवसाला तीन-तीन डायव्ह करताना नायट्रोजन कमी साठतो. सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजून, टक्केवारी स्वतः लिहून, संगणकात भरल्याशिवाय पाण्यात उतरू नका. उडण्याआधीचे तास नायट्रॉक्समुळे कमी होत नाहीत.

प्रश्न : प्रवासाचा विमा काढलाच आहे. वेगळा हवा का? (नागपूर)

उत्तर : पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी काढा आणि ‘साहसी खेळ’ किंवा ‘स्कूबा’ शोधा. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असते, काहींत खोलीची अट असते. तीन गोष्टी लेखी हव्यात : ३० मीटरपर्यंतचे डायव्हिंग, दाबकक्षातले (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या खोलीतले) उपचार आणि बेटावरून हलवण्याचा खर्च. यातला शेवटचा सर्वांत जड, कारण दाबकक्ष मोजक्याच बेटांवर आहेत. सेंटरला विचारा : सर्वांत जवळचा कुठे, तिथे जायला किती वेळ, बोटीवर ऑक्सिजन आहे का. गुळमुळीत उत्तर देणारे सेंटर टाळा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचे सदस्यत्व आणि विमा खास याच कामासाठी असतो.

डायव्हनंतर सांधा ठणकणे, अंगावर चट्टे, मुंग्या, चक्कर, अतोनात थकवा, यांपैकी काहीही आले तर ‘सिलिंडर उचलल्याने दुखत असेल’ म्हणून गोळी घेऊन झोपू नका. लगेच शुद्ध ऑक्सिजन मागा, पाणी प्या, डॉक्टर गाठा. लक्षणे ओसरली तरी तपासणीविना विमानात बसू नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. गणपतीची छोटी मूर्ती नेहमी जवळ असते. अडचण येईल का? (डोंबिवली)

उत्तर : मूर्ती घरी ठेवा. पूजेच्या मूर्ती, दारू, डुकराचे मांस, ई-सिगारेट आणि मासे मारायची भाला-बंदूक मालदीवमध्ये नेता येत नाही. परत येताना शंख, शिंपले, पोवळेही उचलू नका. निघण्याआधीच्या ९६ तासांत इमुगा हा ऑनलाइन फॉर्म जाताना भरायचा, आणि परततानाही. तो विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ बनावट समजा.

जेवणात सुक्या ट्यूनाचा भुगा अशा पदार्थांतही असतो जिथे तो दिसत नाही, विशेषतः नारळाच्या चटणीसारख्या तोंडीलावण्यांत. नाश्त्याचा मास हुनी म्हणजे ट्यूना आणि खोबरे. ‘रोशी’ ही आपल्या चपातीसारखी, ती मिळते, डाळ-भातही मिळतो. नुसते ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही, ‘मासाही नको, सुका मासाही नको’ असे आरक्षणाच्या ईमेलमध्येच लिहा. दोन डायव्हांच्या मध्ये खायला राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की जवळ ठेवा. बोटीवर बहुधा बिस्किटे आणि फळेच असतात.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत डायव्हिंग चालते का? रक्तामुळे शार्क येतात म्हणतात. (रत्नागिरी)

उत्तर : चालते. पाळीमुळे शार्कने हल्ला केल्याचा पुरावा नाही. टॅम्पॉन किंवा कप, दोन्ही चालतात. पोटात फार दुखत असेल किंवा थकवा असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या. गर्भारपणी मात्र एकही डायव्ह नको, आणि शंका असेल तर निघण्याआधी चाचणी करून घ्या.